आधी भैरवी

मुलांनो, मोबाइल जरा खाली ठेवा. एका जंगलात, जिथे सगळ्यांना कान होते पण दम कुणालाच नव्हता, तिथे एक दयाळ पक्षी राहायचा. गाणारा, म्हणून सगळे त्याला दयाळबुवा म्हणत.

गाणी पुरवायचं काम साळुंक्यांकडे होतं. गायकाने एकदा गाऊन दाखवायचं, साळुंक्यांनी पाठ करायचं आणि बिळाबिळात जाऊन ऐकवायचं. ऐकणाऱ्याने शेपूट हलवली की गाणं बदललं. सशाची शेपूट तर सारखीच हलायची. त्या बिचाऱ्याने जन्मात एकही अंतरा ऐकला नव्हता.

त्या वर्षी बुवांची पिल्लं उडून गेली. घरटं ओकंबोकं झालं. बुवांना फार जड गेलं. त्यातून त्यांनी सात गाण्यांचा एक अल्बम केला. पहिल्या गाण्यात घरट्याची पहिली काडी येते. मग अंडी, मग चोची वासून बसलेली पिल्लं. आणि शेवटी भैरवी : पिल्लं उडून गेली.

"एकाने तरी हे ओळीने ऐकावं," बुवा म्हणाले, "नाहीतर मी गाणंच सोडतो."

थोरली साळुंकी लगबगीने आली. "असं कसं, बुवा? प्रकाशन सोहळा करू! अख्खा अल्बम, अख्खं जंगल!"

"मग मीच गातो ना."

"छे! सोहळ्यात कलाकाराने गायचं नसतं. हार घालून घ्यायचा असतो."

सकाळी सगळे माळावर जमले. वाघोबा पहिल्या रांगेत. बुवांना झेंडूचा हार घातला. हार हत्तीच्या मापाचा होता. बुवा चोचीसकट त्यात बुडाले.

साळुंकीने गळा साफ केला आणि सवयीने गाण्यांची सरमिसळ करून सुरुवात केली. पहिलीच निघाली भैरवी.

आता त्या जंगलाची रीत अशी, की भैरवी झाली म्हणजे मैफल संपली. त्यानंतर बसून राहील तो अडाणी. वाघोबा उठले. वाघ उठल्यावर बसतो कोण?

"वा! काय आटोपशीर अल्बम!" कोल्हा म्हणाला.

"मी अख्खा ऐकला," ससा अभिमानाने म्हणाला.

"अहो, थांबा! अजून काडीसुद्धा आली नाही!" बुवा हारातून ओरडले. सगळ्यांना वाटलं, आभार मानताहेत. टाळ्या झाल्या. माळ रिकामा झाला. साळुंकीही पुढच्या सोहळ्याला पळाली.

बुवा कसेबसे हारातून बाहेर आले. आता गाणं बंद, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात डुलत डुलत खवल्या मांजर आलं.

"उशीर झाला का हो? वाटेत मुंग्या लागल्या. सुरू व्हायचंय ना?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सुरू केलं. काडी आली, अंडी आली, पिल्लं आली. खवल्याची शेपूट वजनदार, हलवायचा त्याला कंटाळा. तो ऐकत राहिला. शेवटी भैरवी झाली, तरी उठला नाही.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "घरटं आहे का हो अजून?"

बुवांना रडू आलं. हे कुणीतरी विचारावं म्हणून तर ते गायले होते.

तात्पर्य : मुलांनो, वेळेवर जावं, पुढे बसावं आणि 'वा' म्हणून उठावं. त्याला रसिक म्हणतात. गाणं ऐकायचं असेल, तर मात्र उशिरा जावं.