लोटन नानांचा आहेर

आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या गल्लीत बारसं असलं की लोटन नानांचा आहेर ठरलेला: एक कागद. लोक झबलं आणतात, चांदीचे वाळे आणतात. नाना मात्र बाळाचं नाव, त्यापुढे टिंब आणि टिंबापुढे ‘इन’ किंवा ‘भारत’ असं छापलेला कागद पाळण्याच्या दोरीला बांधायचे आणि जाहीर करायचे, “घ्या. पोराला जगात पत्ता मिळाला.”

“नाना, त्याला अजून मान धरता येत नाही,” बाळाची आजी म्हणायची.

“पत्त्याले मान लागत नही, अक्का. नाव लागस.”

नाना पारोळ्याच्या पोस्टातून निवृत्त झालेले पोस्टमन. वेबसाइटचं नाव विकत घेता येतं हे कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचेना. “पत्ता नसलेला माणूस म्हणजे परत गेलेलं पत्र,” हे त्यांचं पेटंट वाक्य. ती नावं ते माझ्या दुकानातून घ्यायचे. मी वेबसाइट बनवतो, ऑनलाइन फॉर्म भरतो. बीएस्सी आहे. घराण्यात पहिलाच, नरडाण्याजवळच्या आमच्या गावात माझ्या निकालाचे पेढे एसटीच्या कंडक्टरनेही खाल्ले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते या शिक्षणाच्या तोऱ्यातच केलं.

नाना मला ‘बीएस्सी’च म्हणायचे. “काय बीएस्सी, आज किती जणांना परदेशी केलं?” म्हणजे किती जणांना ‘डॉट कॉम’ विकलं. मी तरी काय करणार? केळी वेफर्सवाल्याला ‘कॉम’ म्हटलं की दुकान मोठं वाटायचं. ‘इन’ पहिल्या वर्षी योजनेत स्वस्त मिळायचं, दुसऱ्या वर्षी दर असा चढायचा की गिऱ्हाईक मलाच चोर म्हणायचं. नानांचाही त्यावर राग होता. “पोस्टाने कधी पहिलं पत्र स्वस्त अन् दुसरं महाग केलं का रे?” मग ‘इन’ आणि ‘भारत’ला ओळखपत्र जोडायचा नियम आला. गिऱ्हाइकं म्हणाली, परक्या दारात कुणी विचारत नाही, आपल्याच दारात झडती. तिथे मात्र नाना सरकारच्या बाजूने. “रजिस्टर पत्र घेताना सही लागायचीच ना?”

त्यांचा स्वतःचा ईमेलचा पत्ता ‘भारत’वाला, मराठी अक्षरांतला. गॅसच्या फॉर्मात तो लिहिला तर फॉर्म म्हणाला, वैध पत्ता द्या. नाना फॉर्मशी तासभर भांडले. फॉर्म काही वाकला नाही.

बारशांतल्या नावांचं दुसरं वर्ष लागलं की आईबाप हात झटकायचे. नाना पेन्शनीतून ती चालू ठेवायचे. एका वहीत सगळी नावं आणि मुदती, टपालाच्या नोंदीसारख्या. मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं निघाली. वही माझ्या हातात देऊन म्हणाले, “बठ्ठा, सगळी नावं चालू ठेवजो, भाऊ.” पहिल्यांदा मला भाऊ म्हणाले. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मुदत वाढवायला मी घरोघर आईबापांची ओळखपत्रं मागितली. कुणी म्हणालं नंतर, कुणी म्हणालं बंद करा ते खूळ. मी हिशेबी माणूस. ठरवलं, म्हाताऱ्याची पेन्शन वाचवू. पोरांची नावं सोडून दिली. वहीत शेवटी ‘ठकू, टिंब, भारत’ असं एक होतं. ते नानांच्याच नावावर होतं, त्याला नवं ओळखपत्र लागत नव्हतं. मला वाटलं, असेल कुणाच्या तरी पाळण्यातली. उघडूनही पाहिलं नाही. तेही सोडलं.

दिवाळी झाल्यावर काळा चष्मा लावून नाना दुकानात आले. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, “नाना, तुमचे पैसे वाचवले.”

नानांनी वही चाचपली. “ठकूचं?”

“तेही.”

नाना बाकावर बसले. तेव्हा कळलं, ठकू त्यांची मुलगी. तिने दुसऱ्या जातीत लग्न केलं तेव्हा जन्मभर पत्ते शोधणारा हा माणूस तिला म्हणाला होता, “या घराचा पत्ता विसर.” ती विसरली. वर्षं गेली. मग नानांनी तिच्यासाठी दुसरा पत्ता घेतला आणि तिच्या धुळ्याच्या मावशीकडून तो तिला पोचवला. पानावर एकच ओळ: ‘ठकू, दार उघडं शे.’

“तिनं काही लिहिलं?” मी विचारलं.

“नही. पण पान कोणत्या गावातून उघडलं ते दिसतं ना? दर दिवाळीला सुरतहून एक जण उघडायचं. एकच. मला तेवढं पुरे होतं.” मग म्हणाले, “यंदा तिनं उघडलं असेल तर बंद दिसलं असेल. तिला वाटलं असेल, बापानं पुन्हा तेच केलं.”

नानांनी वही मिटून माझ्याकडेच परत दिली. त्यांनी मला चार शब्द सुनवायला हवे होते.

मी घाबरत नाव तपासलं. कुणी पळवलं असेल तर? मुदत उलटून ते मोकळं झालं होतं आणि तसंच पडून होतं. ‘भारत’ लावलेली नावं पळवायला कोण येतंय? त्याच दिवशी परत घेतलं, तीच ओळ टाकली. धुळ्याला गेलो, तर मावशी उन्हाळ्यातच वारलेल्या. सुरतेचा पत्ता आणखी कुणालाच ठाऊक नव्हता.

नाना रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर येतात. मी पान उघडतो. ते चष्मा पुसून गावांची यादी बघतात. यादीत फक्त जळगाव असतं, म्हणजे आम्ही दोघंच. यंदाची दिवाळीही तशीच गेली.

परवा शेजारी बारसं होतं. नाना आले. हातात पिशवी, पिशवीत झबलं. पिवळं, बदकांचं. बायका हसल्या, “अरे वा, नाना सुधारले!” आजीने कौतुकाने ते बाळाच्या अंगाला लावून पाहिलं. नानाही हसले. माझ्या हातातल्या घुगऱ्या मला खाववल्या नाहीत.