शुक्रवारचा पीसवाला

शांतवन गायकवाड कुणाच्याही घरी गेला की आधी सदऱ्याच्या खिशातून कोंबडीचं पीस काढायचा. राम राम नंतर, पाणी नंतर, बसायला घोंगडी नंतर. "डोळं मिटा," तो म्हणायचा, "आन् कुटं लागतंय त्ये बोटानं दावा." समोर पाटील असो, परटीण असो की सोयरीक ठरवायला आलेला पाहुणा असो, त्याच्या हातावरून, गालावरून, मानेवरून ते पीस फिरायला लागायचं.

हा वेडेपणा नव्हता, नोकरी होती. पौडला मिशनच्या लोकांनी महारोग्यांसाठी एक लहानसा दवाखाना काढला होता आणि शांतवन तिथला फिरता कामगार. महारोगाचा चट्टा आधी बधिर होतो, तिथं पीस टेकवलेलं माणसाला कळत नाही. एवढंच त्या पिसाचं शास्त्र. पण नोकरी कुठं संपते आणि वेड कुठं सुरू होतं हे शांतवनला कधी समजलं नाही. एका लग्नात त्यानं अंतरपाट धरायच्या आधी नवऱ्याचे कान तपासले, कारण रोग कानाच्या पाळीत आधी दिसतो. नवऱ्याच्या मामानं त्याला दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. "कान झ्याक हायेत!" हा बाहेरून ओरडला. "व्हऊ द्या लगीन!"

पाटलांच्या म्हातारीनं परक्या पुरुषाचं पीस अंगाला लावून घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा शांतवननं पीस तिच्या सुनेच्या हातात दिलं, स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला आणि तिथूनच सूचना देऊ लागला. सुनेनं बारा वर्षांचा हिशेब त्या पिसानं चुकता केला. म्हातारी हसून हसून उखळावर पडली, तरी हा भिंतीलाच विचारत होता, "लागतंय का म्हातारे? लागतंय का?" गावात त्याचं नाव पीसवाला पडलं ते तेव्हापासून.

मी त्या गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेचा एकमेव मास्तर. मुळशी धरणाचं पाणी शाळेच्या मागच्या ओढ्यापर्यंत यायचं. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती, मी पुण्यात वाढलो होतो आणि मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. देवाधर्माचं तर मला फारच कळत होतं. शांतवनचं एक पालुपद होतं, "देव इस्वासू हाय." मला ते ऐकलं की चीड यायची. सायकल पंक्चर झाली तरी देव विश्वासू, विंचू चावला तरी देव विश्वासू. एकदा मी विचारलं, "पंक्चर देवानंच केलं ना?"

"व्हय. पन पंपबी त्येनंच दिला न्हवं?"

"पंप माझा आहे."

"त्येच म्हनतोय मी," असं म्हणून त्यानं हवा भरली आणि निघाला.

त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तळव्यात वळलेली होती. तो नगरकडचा. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच त्याला हा रोग लागला. इस्पितळात सहा वर्षं काढून बरा झाला आणि कागद घेऊन घरी गेला, तर भावानं अंगणातच थांबवून करवंटीतून पाणी दिलं. बायको दुसऱ्या घरी गेली होती. हे तो गंमत म्हणून सांगायचा. "करवंटी नवी हुती, मास्तर," म्हणायचा. "मुद्दाम फोडली आसंल माझ्यासाटी." ऐकणाऱ्याला हसावं की काय करावं ते कळत नसे.

एका शुक्रवारी तो शाळेतली पोरं तपासायला आला. तपासणी झाली आणि पोरं ओरडायला लागली, "मास्तरांना लावा! मास्तरांना लावा!" मी ऐटीत बाह्या सारल्या आणि डोळे मिटले. पीस मनगटाला लागलं, मी बोट ठेवलं. दंडाला लागलं, बोट ठेवलं. मानेला लागलं, पोरं हसली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. झालं वाटतं, म्हणून मी डोळे उघडले. पीस माझ्या उजव्या कोपराच्या वर फिरत होतं.

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पीस खिशात घातलं, माझी बाही हळूच खाली ओढली आणि पोरांना म्हणाला, "मास्तर बी पास!"

शाळा सुटल्यावर तो परत आला. त्यानं माझ्या कोपराची शीर चाचपली, या रोगात ती जाड होते. "आज पोरांम्होरं खोटं बोललो," तो म्हणाला. "देवाला सांगितलंय तसं. आता तुमाला खरं सांगतो." चट्टा एकच आहे, सुका आहे, दुसऱ्याला लागणारा नाही, तीन-चार वर्षं गोळ्या घेतल्या तर पुरता जाईल. तो बोलत होता आणि मी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होतो. माझी बायको सुशीला तेव्हा पोटुशी होती. गावाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, घर गेलं असतं, सुशीला माहेरी गेली असती आणि मीही त्या अंगणात उभा राहिलो असतो. मी त्याचे पाय धरले असते, पण त्याआधीच तो म्हणाला, "कुनाला कळनार न्हाई. दर शुक्कारी मी येतो."

पण पीसवाला दर शुक्रवारी मास्तराकडं का येतो, असं लोक विचारणारच. त्यावर त्यानं तोडगा काढला. बगलेत काळ्या पुठ्ठ्याचं धर्मपुस्तक घेऊन यायचा, त्यात आठवड्याच्या गोळ्यांची पुडी. शाळेचं दार लोटायचं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचं. मी म्हटलं, पुडी द्या आणि जा. तर म्हणे, "नुसती गोळी दिली तर पुस्तकाची लबाडी व्हईल. गोळीसंगं अध्याय." आणि त्यानं खरोखर पहिल्या पानापासून सुरुवात केली. नुसत्या नावांचे अध्याय होते, कोण कुणाचा मुलगा आणि त्याचा कोण, तेही त्यानं सोडले नाहीत. त्या अवघड नावांवर तो ठेचकाळायचा, मग मागं जाऊन पुन्हा वाचायचा. रोगापेक्षा वाचन असह्य आहे, असं मी त्याला सांगून पाहिलं. "दोन्हीबी हळूहळू उतरंल," तो म्हणाला.

मंगल झाली तेव्हा मी तिला हात लावेना. सुशीलेला वाटलं, मुलगी झाली म्हणून हा माणूस तोंड फिरवतो. ती रडायची आणि मी गप्प बसायचो. शांतवनला हे कुठून कळलं कोण जाणे. एका शुक्रवारी त्यानं अध्यायच सुरू केला नाही. "आदी घरी जावा, लेकराला उचला, मंग मी वाचीन," म्हणाला. "तुमचा रोग लागनारा न्हाई म्हनून सांगितलं का न्हाई? घ्या तिला." मी गेलो आणि घेतली. परत आलो तेव्हा तो दारातच उभा होता. कशी उचलली, मान धरली होती का, रडली का, हे सगळं त्यानं मला दोनदा सांगायला लावलं.

दोन वर्षं गेली. चट्टा होता तसाच होता. मी चिडून म्हटलं, "कसला तुमचा देव विश्वासू? तुमची बोटं गेली, बायको गेली, भाऊ गेला. काय राहिलं?"

तो वळलेली बोटं चोळू लागला. "पालापाचोळा जाळून राब भाजल्यावर जिमीन बगितलीय का तुमी?" त्यानं विचारलं. "काळी ठिक्कर. हितं भात यील आसं वाटतं का? पन लोक गप बी टाकत्यात. मला बी लई डाव वाटतं की, त्यो इसरला मला. मंग शुक्कार येतो, आन् मला निगावं लागतं." एवढंच बोलून त्यानं पुस्तक उघडलं. मला ते उत्तर तेव्हा मुळीच पटलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी गावाचा धीर सुटला. मास्तर बाटणार, अशी बोलवा झाली होती. पाटलांनी आम्हा दोघांना चावडीवर बोलावलं. सगळं गाव जमलं होतं.

"दर शुक्कारी मास्तराला कोंडून काय करतूस रं?" पाटलांनी विचारलं.

"धर्मपुस्तक वाचतो."

"बाटवतूस त्येला?"

शांतवन हातातली टोपी फिरवत राहिला. नाही म्हटलं, तर मग कशाला येतोस, हा पुढचा प्रश्न होता. त्याला तो दिसत होता आणि मलाही दिसत होता. पाटील माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमी सांगा. काय परकार हाय ह्यो?"

मी म्हणालो, "मी नको म्हणतो. तोच येतो."

हे पाच शब्द मी एका सुशीलेशिवाय आजवर कुणाला सांगितले नव्हते. आज प्रथमच लिहितो आहे. गणू पैलवानानं त्याच्या तोंडात मारली. पोरांनी सायकल उचलून धरणाच्या पाण्यात टाकली. पुन्हा गावची शीव ओलांडलीस तर पाय मोडू, असं त्याला बजावलं. त्यानं टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि चालू लागला. माझ्याकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी शाळेमागच्या ओढ्यावर का गेलो, मला सांगता येणार नाही. गावची शीव ओढ्यापर्यंत होती. शांतवन पलीकडं दगडावर बसला होता. ओठ सुजलेला होता. पौडहून पाच कोस पायी आला होता.

"अध्याय ऱ्हायलाय न्हवं," तो म्हणाला.

मी ओढा ओलांडला आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. "मी तुमच्यावर ढकललं," म्हटलं.

"व्हय. लागलं मला," तो म्हणाला. "पैलवानाच्या हाताचं न्हाई येवडं लागलं." मग पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "पन तुमच्या घरात लेकरू हाय, मास्तर. घरातनं काडल्यावर कसं आसतं त्ये मला म्हाईत हाय. तुमाला न्हाई म्हाईत, आन् व्हऊ बी नये."

त्यानंतर दीड वर्ष तो दर शुक्रवारी पायी आला. उन्हाळ्यात करवंदीच्या जाळीआड बसायचा. पावसाळ्यात ओढा फुगला की मला ओलांडता येत नसे, तो पलीकडंच थांबायचा, अंगावर पानांचं इरलं घेऊन. पुडी मेणकापडात गुंडाळून दगडाला बांधायचा आणि माझ्याकडं फेकायचा. मग पाण्याच्या आवाजावर अध्याय ओरडून वाचायचा. मला एक अक्षर ऐकू येत नसे, पण मी मान हलवली नाही तर ती ओळ पुन्हा वाचायचा. म्हणून मी मान हलवायचो. ऐकायला तिसरं माणूस नसताना दोन मोठी माणसं पावसात हा उद्योग करत होती.

पौडच्या दवाखान्यात पुण्याचे मोठे डॉक्टर आले, तेव्हा शिमग्याच्या अलीकडं मी तपासून घेतलं. गोळ्या बंद करा, म्हणाले. त्यानंतरचा शुक्रवार शेवटचा. शांतवननं ओढ्याच्या काठी उभं राहून देवाचे आभार मानले. ते इतके लांबले की माझे पाय भरून आले. आमेन झाल्यावर मी म्हटलं, "मी तुम्हाला काय देऊ? मागा, काहीही मागा."

तो लाजला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"तुमची मंगल," तो म्हणाला. "येकडाव मांडीवर द्याल का? बोटं वाकली तवापासनं कुनी लेकरू हातात दिलं न्हाई मला. ईस वर्सं व्हत आली. मी समद्यांस्नी सांगतो, घ्या, काय हुत न्हाई. मला कुनी सांगितलं न्हाई."

मी घरी गेलो. सुशीला तांदूळ निवडत होती. चट्ट्यापासून चावडीपर्यंत सगळं तिला उभ्यानंच सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. "चार वर्षं माझ्याशी बोलला नाहीत," ती म्हणाली, "आणि त्या माणसाला मारू दिलंत." तोंड धुतलं, मंगलला नवा झगा घातला आणि माझ्याआधी उंबऱ्याबाहेर पडली.

मागच्या वाटेनं गेलो असतो तर कुणाला दिसलो नसतो. सुशीला चावडीवरून निघाली. पाटील पारावर बसले होते. "कुटं निगालासा, लेकराला घिऊन?" त्यांनी विचारलं.

"शांतवनकडं," मी म्हणालो. "मला महारोग होता, पाटील. त्याच्या गोळ्यांनी बरा झालो. तो मला बाटवत नव्हता." गणू पैलवान उभा होता तो खाली बसला. महिन्याभरात माझी बदली झाली, ती कशी झाली ते सांगायला नको.

आम्ही ओढा ओलांडला तेव्हा शांतवन उठून उभा राहिला. सुशीलेला पाहून त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. सुशीलेनं मंगलला पुढं केलं. तो हात पुढं करीना. मग त्यानं ते हळूहळू पुढं आणले. कोपरापर्यंत लाल झाले होते, पाणी अजून निथळत होतं.

"वाळूनं घासल्यात, बाई," तो म्हणाला. "दोनदा घासल्यात."