अंबादासकाकांचा रवाळ आवाज

लाउडस्पीकर फाटला की माणसं कानांवर हात ठेवतात. आमचे अंबादासकाका खिशातनं वही काढतात.

गंगाखेडच्या बसस्टँडवर मी हे स्वतः पाहिलंय. परभणीची गाडी लागल्याची सूचना चालू होती आणि मधेच भोंग्याला काय झालं कोण जाणे, पत्र्यावरनं पोतं ओढत न्यावं तसा आवाज यायला लागला. लोक वैतागले. एक लहान मूल रडायला लागलं. काका मात्र भोंग्याच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. डोळे मिटलेले, मान जराशी तिरकी, चेहऱ्यावर आरतीतला भाव. आम्ही दोघं परभणीला शाळेच्या कामासाठी निघालो होतो. गाडी भरली, सुटली, मी खिडकीतून "काका, अहो काका" करत राहिले, आणि काका तिथंच. मागच्या गाडीनं आले आणि मी रागावायच्या आत वही पुढं केली. त्यात लिहिलं होतं, 'बसस्टँड. रवा हाय, पण कोरडा.'

त्या वहीत असं पुष्कळ आहे. 'पिठाच्या गिरणीचा पट्टा : सुरवात चांगली, शेवट पांचट.' 'लग्न, सनई मशीनवर : लय गोड. फाटली असती तर बरं झालं असतं.' 'हेडमास्तरांचं भाषण : माईक झकास फाटला. भाषण कळलं न्हाई. दोन्हीकडून फायदा.'

काका आमच्या शाळेत प्रयोगशाळेत होते. मी गणित शिकवायला लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते, आणि योगायोगानं आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून. शाळेतल्या परीक्षानळ्या त्यांनी तीस वर्षं एकही न फोडता सांभाळल्या, पण बंद पडलेला रेडिओ दिसला की माणूस हातातनं जायचा. हेडमास्तरांच्या केबिनमधला रेडिओसुद्धा त्यांनी 'दुरुस्तीला' म्हणून नेला होता. तो परत आला तेव्हा दिसायला तसाच होता. आत काही नव्हतं.

"आत जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर होते, बाई," त्यांनी मला हळूच सांगितलं. "आता मिळत न्हाईत. साहेब तसंबी बातम्या मोबाईलवर ऐकायलेत."

हे ट्रान्झिस्टर कशाला, तर गिटारीला. काका तरुणपणी परभणीच्या एका ऑर्केस्ट्रात हवाईन गिटार वाजवायचे. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरनं लोखंडी कांडी सरकवत वाजवतात. सूर नुसता निघत नाही, घरंगळत येतो. काकांना तेवढ्यानं भागेना. त्यांनी काकूंची पायाची शिलाई मशीन मोकळी केली, वरचं डोकं काढून तिथं गिटार बसवली, आणि सायकलच्या ब्रेकच्या तारा घालून पायडल गिटारीच्या तारांना जोडलं. पाय दाबला की सूर वर चढतो, सोडला की खाली येतो. काकू तेव्हा होत्या. मला म्हणाल्या होत्या, "माझी मशीन गेली. आता मी एका जागी जास्त वेळ बसत नाही गं. मलापण तार लावतील."

एवढं होऊनही मुख्य काम बाकीच होतं. तो आवाज. काकांना तो फाटका पाहिजे होता, पण कसाही फाटका नाही.

"साफ आवाज म्हंजे दुकानातली साखर," ते म्हणायचे. "आवाज गुळाच्या भेलीसारखा पायजे. फोडली की आत रवा दिसला पायजे आन बोटाला चिकटला पायजे. रवाळ! आलं का ध्यानात?"

माझ्या ध्यानात आलं नव्हतं, पण मी मान हलवायची. मान हलवणारं त्यांना तेव्हा फारसं कुणी उरलं नव्हतं. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी पुण्यात. ती फोनवर म्हणायची, "बाबा, असा आवाज काढायची पेटी तयार मिळते, मी पाठवते." काका म्हणायचे, "मिळत असंल. तो दुसऱ्याचा आवाज झाला."

त्यांची पेटी म्हणजे एक स्टीलचा पानडबा. त्यात रेडिओतले ट्रान्झिस्टर, चार वायरी आणि एक बारका स्क्रू. सगळी मेख त्या स्क्रूत. तो केसभर इकडं फिरवला की आवाज चिरका, केसभर तिकडं की मुका. आणि जर्मेनियमला ऊन सोसत नाही. आता आमच्याकडचं ऊन आणि हा नाजूक जीव! मे महिन्यात दुपारी काका ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा घेऊन दारात उभे राहायचे.

"बाई, ह्याला तासभर फ्रीजमधी ठिवता का? आमचा फ्रीज थंड करायच्या ऐवजी गरमच करायलाय."

मी डबा दह्याशेजारी ठेवायची. एकदा आमच्या सासूबाईंनी पान खायचं म्हणून तो उघडला. बराच वेळ आत बघत राहिल्या. मग भिंतीपलीकडं हाक मारली, "अंबादास, अरे ह्यात कात कुठं हाय?"

"कात न्हाई मावशी, जर्मेनियम हाय!"

"रंगतं का?"

"जमलं तर लय रंगतं!"

शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना एकदा वाजवायला बोलावलं. त्यांनी प्रार्थना वाजवली, ती पानडब्यातून. पोरं बाकांवर उभी राहून टाळ्या पिटायला लागली. नवे हेडमास्तर मला म्हणाले, "मॅडम, त्यांना मशीन दुरुस्त करून घ्यायला सांगा." मी ते सांगितल्यावर काका दुखावले. "दुरुस्त करूनच तर आवाज इथपर्यंत आलाय!"

पण त्यांनाही तो आवाज पटलेला नव्हता. घरी त्यांच्याकडं एक जुनी कॅसेट होती. राणीसावरगावच्या एका लग्नातली. नवरीचा मामा मस्कतहून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, त्यानं मांडवात ठेवून ऑर्केस्ट्रा भरून घेतला. खूप वर्षांनी त्या घरची माणसं भेटली आणि त्यांनी ती कॅसेट काकांना देऊन टाकली. कॅसेटमध्ये काकांचीच गिटार आहे, आणि तिचा आवाज तसा आहे, रवाळ. काका ते एकच गाणं लावायचे, गाणं संपताक्षणी खटकन बटण दाबायचे, मग पानडब्याचा स्क्रू फिरवायचे, मग पुन्हा गाणं. भिंतीपलीकडून मला ते पाठ झालं होतं. गाणं, खट. गाणं, खट.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी मी चहा टाकत होते. गाणं वाजलं आणि खट असं झालं. पुन्हा गाणं वाजलं. मग लक्षात आलं की या वेळी खट झालंच नाही, कारण ही कॅसेट नव्हती.

मी तशीच गेले. काका खुर्चीत बसले होते, पाय पायडलवर, कांडी तारेवर. सूर भेलीच्या पाकासारखा जड, कडेनं खरखरीत, आणि आतून इतका गोड की मी उंबऱ्यातच थांबले. पहिल्यांदाच मला 'रवाळ' म्हणजे काय ते कळलं.

"जमलं, काका!"

"जमलं," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा आनंद झालेल्या माणसाचा नव्हता. परीक्षेला निघालेल्या पोराचा होता.

"कॅसेटशी ताडून बघू," मी म्हणाले आणि टेप लावला. गाणं चालू असताना मागच्या दाराशी दूधवाल्यानं हाक मारली. काका पातेलं घेऊन गेले. गाणं संपलं. बटण दाबायला कुणी नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही. कॅसेट पुढं चालली.

आधी मांडवातला गलका. मग कुणीतरी माईकवर बोटानं टकटक केली, आणि एक ताठ, तरुण आवाज आला. तो काकांचाच होता. "माफी असावी मंडळी. आज आवाज फाटलाय. काय करता, आमच्या मशीनवाल्याला कान न्हाईत!"

मांडव हसला. पुष्कळ वेळ हसत राहिला.

काका दारात उभे होते. हातात दुधाचं पातेलं. त्यांनी ते सावकाश खाली ठेवलं, येऊन बटण दाबलं आणि बसले.

"मुजीब," ते म्हणाले. "आमचा साउंडवाला. माझ्याच वयाचा. टेम्पोच्या धक्क्यानं स्पीकरचा कागद फाटला. त्यानं बिचाऱ्यानं खळ आन पेपर लावून सांधला. दुसऱ्या गाण्याला सुटला परत. मला लय राग आला. पुढं पोरी बसल्या होत्या, माझे केस नवे कापलेले." ते जरासं हसले, पण ते हसू टिकलं नाही. "त्यो स्टेजच्या मागनं मला खुणा करायला होता, की वाजव, चांगलं लागायलंय. त्याला कळलं होतं, बाई. सगळ्या मांडवात त्याला एकट्याला कळलं होतं की हा आवाज भारी हाय. आन मी म्हणलो त्याला कान न्हाईत."

"मग?"

"कार्यक्रम संपला. त्यानं वायरी गुंडाळल्या, टेम्पोत सामान नीट लावलं. माझी गिटारसुदिक फडक्यानं पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी आलाच न्हाई. परत कदी कुणाच्याच ऑर्केस्ट्रात गेला न्हाई."

मी विचारलं, आता ते कुठं असतात. काकांना पक्कं ठाऊक होतं. पिंगळीला. स्टेशनच्या रस्त्यावर दुकान आहे, पंखे-मिक्सर दुरुस्तीचं.

"कितींदा गेलो मी. दुकान दिसंपर्यंत जायचो. समोर च्या प्यायचो आन परत यायचो."

"अहो, मग सरळ आत जाऊन माफी मागायची."

"काय म्हणू? मुजीब, तुला कान होते, असं?" त्यांनी गिटारीवर हात ठेवला. "ही वाजवून दाखवल्याबिगर मला त्याच्या दुकानात शिरता येत न्हाई."

इतकी वर्षं मी समजत होते की म्हाताऱ्याला तरुणपण पाहिजे. काकूंच्या मशीनवर गिटार, म्हणजे काकूंची आठवण, असंही मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी बाईमाणूस हळवी, मला तेच सुचणार.

जानेवारीत एका रविवारी आम्ही निघालो. ओळखीच्या माणसाच्या टेम्पोत शिलाई मशीन, गिटार, छोटा ॲम्प्लिफायर, मांडीवर पानडबा. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

दुकान लहानसं होतं. वायरींना डाग द्यायच्या सोडगणीचा वास, उघडे पडलेले मिक्सर, आणि त्यांच्यामागं जाड चष्म्याचे, पांढऱ्या दाढीचे मुजीबभाई. त्यांनी वर पाहिलं. टेम्पोतनं उतरणाऱ्या मशीनकडं पाहिलं. मग काकांकडं.

"अंबादास?"

"हौ."

मुजीबभाईंनी मान खाली घातली आणि हातातलं सोडगणीचं काम पुढं चालू केलं. मला म्हणाले, "बैठो बाई." काकांना बस म्हणाले नाहीत.

काकांनी उभ्याउभ्याच सगळं जोडलं. मग वाजवायच्या आधी ते पानडब्यावर वाकले आणि स्क्रू फिरवला. मी बघतच राहिले. डिसेंबरपासून जिथं तो बसवला होता, जिथं मला बोटसुद्धा लावू देत नव्हते, तिथून त्यांनी तो अर्धा आटा मागं घेतला.

गाणं सुरू झालं. आवाज बरा होता. फाटका होता. पण तो डिसेंबरचा नव्हता.

चार ओळी झाल्या. मुजीबभाईंची सोडगण थांबली. पुढच्या ओळीला त्यांनी ती खाली ठेवली. मग चष्मा कपाळावर सारून ते टेबलामागनं बाहेर आले.

"इसमें कुछ कम है," ते म्हणाले. "कौन बंद करा इसकू इत्ता?"

"मला काय जमंना," काका म्हणाले.

"सरक."

मुजीबभाई गुडघ्यांवर बसले, खिशातला बारका पेचकस काढला आणि पानडब्याला कान लावला. "बजा. बजाते रह." काका वाजवत राहिले. मुजीबभाई स्क्रू केसकेसभर फिरवत गेले. आणि एका जागी तो आवाज आला. जड, खरखरीत, आतून गोड. रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून थांबला.

मुजीबभाई उठले नाहीत. काकांनी कांडी तारेवरनं उचलली.

"मुजीब, त्या दिवशी मी माईकवर..."

"याद है."

ॲम्प्लिफायर नुसता गुणगुणत होता.

"लय लागलं होतं, अंबादास," मुजीबभाई स्वच्छ मराठीत म्हणाले. "घरी कुणाला सांगितलंबी न्हाई मी. लय लागलं होतं."

काकांची मान खाली गेली ती वर येईना. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले. मुजीबभाईंनी हात लांब करून कांडी परत तारेवर ठेवली.

"आता वाजव. सुनने दे मेरेकू."

आम्ही परत निघालो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पुढच्या रविवारी यायचं ठरलं होतं, पायडलची एक तार बदलायची आहे म्हणून. टेम्पोत मी पानडबा मांडीवर घ्यायला हात पुढं केला, तर काकांनी तो पटकन छातीशी धरला.

"सांभाळून, बाई. त्या स्क्रूला आता कुणी हात लावायचा न्हाई. मुजीबनं बसवलाय त्यो."