घोरपडसाहेबांचं गूळपाणी

एका जंगलात, बाळांनो, रोग म्हणून नव्हता. ताप होता, खोकला होता, जुलाब तर होतेच होते. पण रोग नव्हता. असं कसं, म्हणून विचारू नका. सांगतेय ना? ए मागच्या, तुझी चुळबुळ थांबव आधी.

तर त्या जंगलात एक आरोग्य खातं होतं. खात्याचा नियम असा, की एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग दिसला, की डॉक्टरांनी तो चोवीस तासांत खात्याला कळवायचा. कळवला की खातं कोठार उघडणार आणि औषध देणार. किती छान नियम! नियम बिचारे सगळे छानच असतात.

खात्याचे साहेब होते घोरपड. खुर्चीला चिकटले की चिकटले. त्यांच्या दारावर पाटी होती, 'आजचे रोगी : ०'. ते शून्य साहेब रोज सकाळी ओल्या फडक्याने स्वतः पुसत. वर्षभर शून्य टिकलं की सिंहमहाराज 'निरोगी जंगल' म्हणून ढाल देणार होते, आणि वर्ष भरायला उरले होते पाच दिवस.

नेमके तेव्हाच खालच्या डोहाकाठी जुलाब सुरू झाले. हसताय काय दात काढून? तुम्हाला कधी झाले नाहीत वाटतं!

डोहाकाठी तानू नावाची ससीण राहायची. तिची तिन्ही पिल्लं एका दिवसात आडवी झाली. धाकटी तर डोळेसुद्धा उघडेना. तानूच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ती धावत टोकेकर डॉक्टरांकडे गेली.

टोकेकर म्हणजे सुतारपक्षी. चोचीने पाठीवर टकटक करून आजार ओळखायचे. त्यांनी पिल्लांना तपासलं, डोह पाहिला आणि म्हणाले, "तानूबाई, ही साथ आहे. काल दोन हरणं, आज तुमची तीन पिल्लं. पाणी उकळून प्या. मीठ-साखरेचं पाणी यांना चमच्याचमच्याने पाजत राहा. पण औषध लागणारच, आणि ते कोठारात आहे. मी आत्ता कळवून येतो."

घोरपडसाहेबांनी कागद वाचला आणि त्यांची शेपटी ताठ झाली.

"साथ? कसली साथ? टोकेकर, तुम्ही कळवता म्हणून साथ येते. काल कळवलं नव्हतंत. काल होती का साथ?"

"काल दोन हरणं होती, साहेब."

"कुठे लिहिलंय?"

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"मग! हरणांना लिहा, हवाबदल. पिल्लांना लिहा, गाजरं जास्त खाल्ली."

"आपल्या जंगलात गाजरं होत नाहीत, साहेब."

"मग गवत जास्त खाल्लं. डॉक्टर तुम्ही का मी?"

"आणि औषध?"

"रोगी शून्य, तर औषध देऊ कुणाला? वरून विचारलं तर काय सांगू?"

डॉक्टर हात हलवत परत आले. तानू खूप रडली. रडून झाल्यावर तिला राग आला. "त्या साहेबाला म्हणावं, ये इथे आणि बघ माझ्या लेकरांकडे!"

आणि काय सांगू, साहेब खरंच आले! लेकरांसाठी नाही हो. जंगलात कुजबुज वाढली होती, ती मोडायला. सोबत चार कावळे आणले होते, वाहवा करायला. डोहाकाठी उभे राहून साहेब म्हणाले, "अफवांवर विश्वास ठेवू नका! या डोहाचं पाणी म्हणजे अमृत आहे, अमृत!"

कावळ्यांनी जोरजोरात पंख फडफडवले.

आता त्या जंगलाची एक रीत होती. दारी आलेल्याला गूळपाणी द्यायचंच. वैरी आला तरी आधी गूळपाणी, मग भांडण. तानूने डोळे पुसले, वाटीत गुळाचा खडा ठेवला आणि तांब्या पुढे केला.

"डोहाचंच आहे हं, साहेब. आमच्याकडे दुसरं नाही. उकळून देऊ का? डॉक्टर म्हणतात, उकळा."

साहेबांनी तांब्याकडे पाहिलं. मग जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. उकळून मागावं, तर साथ कबूल केल्यासारखं. नको म्हणावं, तर आताच अमृत म्हणाले होते. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि घटाघटा तांब्या रिकामा केला.

"वा! गोड आहे!" साहेब म्हणाले. गोड गूळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब खुर्चीवर नव्हते. झुडपामागे होते. मग दुसऱ्या झुडपामागे. तिसऱ्या झुडपामागून हाक आली, "टोकेकर! अहो टोकेकर! लवकर कळवा हो!"

"कुणाला कळवू, साहेब?"

"मला!"

"काय कळवू? हवाबदल?"

"साथ! भयंकर साथ! अरे देवा... आणा तो कागद, कुठे सही करू?"

सही झाली आणि कोठार उघडलं. साहेबांनी औषधासाठी तोंड वासलं.

"थांबा, साहेब," डॉक्टर म्हणाले. "यादीत आधी दोन हरणं आहेत, मग तीन पिल्लं. तुमचा नंबर सहावा."

आणि ते भुर्रकन डोहाकडे उडाले. संध्याकाळी धाकटी उठून बसली आणि म्हणाली, "आई, भूक!" तानूने तिला पोटाशी घट्ट धरलं. किती वेळ सोडेचना.

आणि साहेब? वाचले हो, वाचले. ढाल मात्र हुकली. पण सिंहमहाराजांनी कागद वाचला. साथ कळवली सकाळी दहाला, कोठार उघडलं दहा वाजून पाच मिनिटांनी. "केवढी ही तत्परता!" म्हणत महाराजांनी घोरपडसाहेबांना हार घातला आणि बढती दिली. आता ते नऊ जंगलांचे साहेब आहेत.

तात्पर्य : लागणारा रोग खात्याला ताबडतोब कळवावा. कळवूनही खात्याला कळलं नाही, तर साहेबांना आदराने घरी बोलवावं आणि गूळपाणी द्यावं. पाणी उकळू नये.