कडीविषयी विनंतीपत्र

आमच्या मुलीच्या शाळेत यंदा 'लेखन व संवादकौशल्य संवर्धन उपक्रम' सुरू झाला आणि पाचवीच्या प्रत्येक मुलाने मुख्याध्यापिकाबाईंना एक पत्र लिहावं असं ठरलं. विषय मोकळा होता. परिपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, 'मुलांना मनातलं लिहू द्या.' झाडं लावावीत, झाडं जगवावीत, झाडांवर प्रेम करावं, अशी एकोणचाळीस पत्रं आली. चाळिसावं आमच्या मुलीचं होतं.

'मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एक आत गेली की दुसरीला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं. माझी मैत्रीण आली नाही की मी जात नाही. म्हणून मी शाळेत पाणी पीत नाही. कडी बसवा.'

दहापैकी दोन गुण मिळाले आणि मला बोलावणं आलं.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत त्या स्वतः, उपक्रमाचे संयोजक आणि वर्गबाई बसल्या होत्या. संयोजकांनी ते पत्र दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं.

"मुलीत कौशल्य नाही असं आम्ही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण वाचल्याबरोबर सगळं कळतं हो! वाचणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही."

"आणि 'बसवा' म्हणजे काय?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "मला थेट हुकूम?"

"पण बाई, कडी खरंच नाहीये," वर्गबाई हळूच म्हणाल्या.

"तो मजकुराचा प्रश्न झाला," संयोजक म्हणाले. "आपण इथे कौशल्याबद्दल बोलतोय."

खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं. मी स्वतः एका कार्यालयाच्या तक्रार निवारण विभागात आहे. लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं हे माझं काम. एकोणीस वर्षांत माझं उत्तर वाचून कोणाला काही बोध झाल्याचं उदाहरण नाही. माझ्याच पोटची पोर इतकं सरळ लिहिते, याची मला लाज वाटली.

घरी येऊन मी तिला शिकवायला बसलो. बायको म्हणाली, "अहो, हार्डवेअरच्या दुकानातून एक कडी आणा आणि ठोकून या. दहा मिनिटांचं काम."

"अशी खासगी कडी सार्वजनिक दाराला लावता येत नाही," मी म्हणालो. "शिवाय पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

दुसऱ्या मसुद्यात आम्ही सुरुवातीला 'आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली' घातलं. तिसऱ्यात 'संडास' गेला, 'सुविधा' आली. चौथा संयोजकांनी परत पाठवला, शेरा होता, 'नकारार्थी शब्द टाळावेत.' म्हणून 'कडी नाही'मधलं 'नाही' काढलं. मग नुसती कडी उरली. ती एकटी विचित्र दिसू लागली, म्हणून तीही काढली.

"बाबा, मग त्यांना कळणार कसं?" मुलीने विचारलं.

"बाळा, कळण्यासाठी बोलणं असतं. लिहिणं वेगळं."

"मग बोलू?"

"आधी लिहायला तर शीक."

सातव्या मसुद्याला आंतरशालेय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभात तिने तो खड्या आवाजात वाचला. 'शाळेतील सर्व सुविधा मुक्त व खुल्या असून त्यांच्या वापरातून विद्यार्थिनींमध्ये परस्परसहकार्याची भावना वाढीस लागते,' या वाक्याला पालक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. वर्गबाई तेवढ्या मान खाली घालून बसल्या होत्या.

चार दिवसांनी पोरीला ताप भरला. पोट धरून कळवळत होती. आम्ही दोघं तिला घेऊन दवाखान्यात गेलो.

"काय होतंय गं तुला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

ती टेबलावर सरळ बसली. हात मांडीवर ठेवले. "आपण आस्थेने विचारपूस केल्याबद्दल आभारी आहे. पोटाकडून मिळणारं सहकार्य सध्या समाधानकारक आहे."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला अभिमान लपवता आला नाही.

"तुम्ही बाहेर थांबा," त्या म्हणाल्या. "आई राहू दे."

मी बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने आतून पोरीचा हुंदका आला आणि पाठोपाठ तिचा आवाज, "आई, लघवीला जाताना खूप आग होते गं. खूप." इतकं थेट. विशेषण नाही, आभार नाहीत. सात मसुद्यांची मेहनत एका वाक्यात पाण्यात गेली. मला आत जावंसं वाटलं. पण मला बाहेर थांबायला सांगितलं होतं.

शेजारी एक बाई आपल्या धाकटीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडे निरखून बघत होत्या.

"त्या पत्रवाल्या मुलीचे बाबा ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "आम्ही होतो समारंभाला. आमची ही फारच सरळ बोलते हो. जे दिसेल ते. जरा शिकवाल का हिला?"

मी त्यांना माझा नंबर दिला. आता दर रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी वर्ग भरतो. अकरा मुलं येतात. एक जागा रिकामी आहे. तुमच्या घरी कोणी असेल, तर कळवा. तुम्हीही टाळ्या वाजवल्याच होत्या.