फ्रीजरमधला शेवटचा फरा

"यंदा ईस्टरला दुकानातलं हॅम या घरात येणार नाही!" बोगनाने जाहीर केलं. "बाबांच्या धुरीघरात, अगदी बाबांसारखं, मी करणार!"

आईचा बटाटे सोलणारा हात थांबला. "तू? अगं, तुला साधं दूध राखता येत नाही."

"पुस्तक वाचत होते तेव्हा."

"तू कधी वाचत नसतेस?"

पण बोगना वॉर्सॉच्या ग्रंथालयातून रजा टाकून आली होती ती ठरवूनच. बाबा गेले जानेवारीत. त्याआधीच्या शरद ऋतूत त्यांनी जंगलात रानडुक्कर मारलं होतं, त्याचा एक फरा, म्हणजे मागची अख्खी मांडी, फ्रीजरच्या तळाच्या खणात होता. आईने तो खण तेव्हापासून उघडला नव्हता. बाबांचा शिकारी कुत्रा झूक तर घरात यायलाही तयार नव्हता. दिवसभर फाटकापाशी पडून असायचा आणि पायरीवर ठेवलेलं जेमतेम खायचा. हा फरा बिघडला, तर बाबांच्या हातचं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं.

पहिली अडचण मिठाची. बाबांनी कृती कधी लिहून ठेवली नाही. "मूठभर, मग आणखी मूठभर, मग मनाला येईल तेवढं," असं त्यांचं शास्त्र! बोगनाची मूठ चिमणीच्या घरट्याएवढी, बाबांची फावड्याएवढी. तिने खुंटीवरचा त्यांचा कातडी हातमोजा काढला, हातात चढवला आणि मिठाच्या पोत्यात घातला. मोजा एवढा ढिला, की अर्धं मीठ वाटेतच सांडलं. मग तिने सांडल्याची भरपाई म्हणून पिंपातल्या पाण्यात दोन मुठी जास्त टाकल्या. शंका नको म्हणून वर आणखी एक.

"मोजा धुतला होतास का?" आईने विचारलं.

"बाबा धुवायचे?"

आईने मिठाच्या पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

फरा मिठाच्या पाण्यात मुरला आणि गुड फ्रायडेच्या सकाळी बागेतल्या विटांच्या धुरीघरात आकड्याला लटकला. खाली आल्डरची लाकडं पेटवली. वरून बाबांची खासियत, म्हणजे ज्युनिपरच्या ओल्या फांद्या. बाबा ओंजळभर टाकायचे की कवळाभर, हे काही आठवेना. बोगनाने कवळाभर टाकल्या.

धूर निघाला. धूर कसला, पांढरा डोंगरच! कुंपणापलीकडून गेनोवेफाकाकूंचं डोकं वर आलं. "काय गं, नवे पोप निवडले की काय?"

"हॅम करतेय, काकू."

"असं? मग फांद्या काढ त्यातल्या! हॅमला धुरी द्यायची असते, डांबर नाही लावायचं!"

"बाबा असंच करायचे."

"करायचे खरे," काकू म्हणाल्या आणि दोरीवरच्या चादरी ओढून काढत घरात पळाल्या. जाताना त्यांनी बहुधा फोनही केला, कारण थोड्याच वेळात गावचा भोंगा वाजला आणि अग्निशामक दलाची लाल गाडी फाटकात येऊन थांबली. दलाचे प्रमुख लुत्सियानकाका, बाबांचे शिकारीचे जोडीदार, शिरस्त्राण सावरत उतरले. मागून दोघांनी पाण्याचा पाइप ओढत आणला.

बोगना दोन्ही हात पसरून धुरीघरापुढे उभी राहिली. "एक थेंब जरी पडला ना, काका, तर याद राखा!"

काकांनी धुराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे डोळे पाणावले. आता ते धुरानेही असेल. "गुंडाळा रे पाइप," ते म्हणाले. "पोरी, तुझ्या बाबासाठी दर गुड फ्रायडेला यायचो आम्ही. यंदा वाटलं, सुटलो."

"म्हणजे माझं बरोबर चाललंय!" बोगनाचा चेहरा उजळला.

"अगदी तंतोतंत. तेच सांगतोय मी. जाळ जरा कमी कर, मिठाचंही बघ. एक तुकडा चाखून तरी..."

"आज? गुड फ्रायडेच्या उपवासाला? मांस?"

काकांनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि गाडी वळवली. संध्याकाळी बोगनाने फरा उकळत्या पाण्यात शिजवून घेतला, तोही न चाखता. शनिवारी रिवाजाप्रमाणे अंडी, पाव आणि हॅमची टोपली आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेली. पाद्रीबाबा टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडत आले, तिच्या टोपलीपाशी थबकले, वास घेतला. "वडिलांचीच परंपरा, वा!" म्हणाले, आणि तिच्या टोपलीवर इतरांपेक्षा दुप्पट पाणी शिंपडलं.

रविवारी सकाळी आईने स्वयंपाकघराच्या दाराशी पाण्याने भरलेली बादली आणून ठेवली.

"ही कशाला?"

"असू दे."

टेबलाशी आई, रोमुआल्दमामा आणि दरवर्षीप्रमाणे लुत्सियानकाका. मधोमध हॅम, शिकारी बुटासारखं काळंभोर. सुरी चालेना, तेव्हा बोगनाने करवतीची सुरी घेतली. सगळ्यांना वाढलं. डोळे मिटून पहिला घास घेतला.

आधी मीठ. मग धूर. मग बराच वेळ नुसतं चावणं. आणि त्या चावण्यात बाबांची खुर्ची, त्यांची खाकरण्याची लकब, सगळं जिथल्या तिथे होतं.

"अगदी बाबांचं!" ती म्हणाली.

"अगदी!" तिघे एका सुरात म्हणाले. जरा घाईनेच.

तेवढ्यात फरशीवर नखांची टकटक ऐकू आली. झूक! एवढ्या महिन्यांनी तो घरात आला होता. कुणाकडेही न बघता तो थेट टेबलाखाली शिरला, आपल्या जुन्या जागी.

"बघा, बघा! त्यालासुद्धा वास ओळखीचा वाटला!" बोगना त्याला थोपटायला खाली वाकली.

टेबलाखाली तीन हात होते. प्रत्येक हातात हॅमचा एकेक काप. झूक क्रमाने घेत होता, सवयीने, आईपासून सुरुवात करून.

बोगना सावकाश सरळ झाली. मामा छताकडे बघू लागले. काका मिशीतल्या मिशीत प्रार्थना पुटपुटल्यासारखं करू लागले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरपासून," आई म्हणाली. "झूकच्या आधी त्याची आई होती, तिच्याआधी तिची आई. बादली त्यांच्यासाठीच असायची, एवढ्या मिठावर तहान लागतेच."

"आणि बाबांना कुणी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार? तू बोटं चाटत आणखी मागायचीस. मग त्यांना वाटायचं, सगळ्यांनाच आवडतं."

बोगनाने हॅमकडे पाहिलं. मग बाह्या सरसावल्या आणि करवतीची सुरी उचलली, बाबा उचलायचे तशी.

"आणखी कुणाला वाढू?"

तिघांनी निमूटपणे ताटल्या पुढे केल्या. टेबलाखाली शेपटी फरशीवर दणादणा आपटू लागली.