धीरजच्या पोटाचा पूर्वदाखला

आरोग्य ही राष्ट्राची संपत्ती आहे आणि ती सांभाळण्याचं काम आता दूरचित्रवाणीने हाती घेतलं आहे, हे योग्यच झालं. (माझं मत चुकीचं असू शकतं, बहुतेक असतंच.)

नोएडात चित्रित होणाऱ्या त्या हिंदी मालिकेतलं रुग्णालय आदर्श होतं. तिथे रांग नव्हती, लिफ्ट बंद नव्हती. डॉ. ऋग्वेद स्टेथोस्कोप कानाला न लावता ऐकत आणि न ऐकता निदान करत. रुग्णांची हृदयंही शिस्तीची. दहापैकी नऊ तर जाहिरातींच्या अगदी आधी बंद पडत. (दहावा रुग्ण पाहुणा कलाकार होता.)

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीचा या रुग्णालयावर गाढ विश्वास. शेजारच्या कुमुदताईंचा तर विशेष. त्या केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान उल्हासराव यांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि त्याच आठवड्यात मालिकेतल्या धीरजच्याही निघाले. खऱ्या रुग्णालयातल्या सर्जनबाईंनी उल्हासरावांना ताबडतोब शस्त्रक्रिया सांगितली. कुमुदताईंनी प्रकरण स्थगित ठेवलं.

"आमच्या खात्यात पूर्वदाखल्याशिवाय खुर्चीसुद्धा हलवत नसत," त्या मला म्हणाल्या. "हे तर पित्ताशय आहे, भाऊ. शुक्रवारी धीरजचं होऊ दे, मग बघू."

युक्तिवाद बिनतोड होता. निदान मला तरी तोडता आला नाही.

"अगं, पण दुखतंय मला," उल्हासराव म्हणाले.

"धीरजला जास्त दुखतंय. तो बोलतोय का काही?"

"तो बेशुद्ध आहे!"

"बिल्कुल. शिका काहीतरी."

सर्जनबाईंचा फोन आला. खडा नळीत अडकलाय, कावीळ वाढतेय, उशीर जिवावर बेतेल. कुमुदताई म्हणाल्या, "नोएडाच्या डॉक्टर ऋग्वेदांचं बघून ठरवू."

"कुठे शिकलेत ते?" सर्जनबाईंनी विचारलं.

"ते कशाला? हात बघा त्यांचा, किती हलका!"

गुरुवारी मालिका बंद झाली. प्रेक्षक कमी पडले म्हणे. धीरजचं पोट उघडं, डॉ. ऋग्वेदांचा हात वर, आणि शुक्रवारपासून त्या वेळेला मिठाई बनवण्याची स्पर्धा.

सोसायटीच्या हॉलमध्ये तातडीची सभा झाली. वाहिनीच्या निषेधाचा ठराव आला. उल्हासरावांना समदुःखी म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते हळदीसारखे पिवळे दिसत होते आणि थरथरत होते; सभेला ते भावनावश वाटले. अनुमोदन द्यायला उठले आणि तिथेच कोसळले. (अनुमोदन ग्राह्य धरण्यात आलं.)

रुग्णालयात त्यांना थेट आत घेतलं. बाहेरच्या बाकांवर अर्धी सोसायटी. कुमुदताई बाकावर माझ्याकडे सरकल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या ओळखीत लिहिणारे लोक आहेत ना? विचारा तरी, धीरजचं पुढे काय होणार होतं?"

फोन करायची मला भीती वाटते. तरी ओळखी काढत मालिकेच्या लेखकापर्यंत पोहोचलो. धीरज वाचणार होता. पुढे एका नर्सशी त्याचं लग्नही होणार होतं. मी हे सांगताच बाकांवर टाळ्या पडल्या. कुमुदताईंनी डोळे पुसले. त्याच वेळी सर्जनबाई मास्क उतरवत बाहेर आल्या आणि काहीतरी बोलल्या. टाळ्यांत ते ऐकू आलं नाही.

नंतर मी जवळ जाऊन विचारून घेतलं. कोणी विचारलंच, तर सांगता यावं.

ही हकीकत मी आतापर्यंत बऱ्याच सुशिक्षित लोकांना सांगितली आहे. ऐकून झाल्यावर प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. आपलाही तोच असणार, म्हणून सांगून टाकतो. लग्न कुरळ्या केसांच्या नर्सशी होणार होतं.